सांध्यापासून नऊ सेंटिमीटर

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ही वही बायकोने आणून दिली. म्हणाली, जेवताना कुरकुर करण्यापेक्षा ती इथे करत जा, निदान आमच्या घशाखाली घास तरी उतरेल. बरं. इथे करतो.

तर पहिली कुरकुर वासाची. आमच्या कारखान्याच्या जागेत आधी लाँड्री होती. भिंतींतून अजून साबणाचा आणि दमट कपड्यांचा वास येतो, आणि त्यात कापलेल्या लोखंडाचा जळका वास मिसळला की नाकाला रुमाल लावावा लागतो. मेव्हण्याला तो वास येतच नाही. तो दाराशी उभा राहून स्वतःचे फोटो काढण्यात गुंग असतो.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. दोन सीटची, उघडी, हलकी स्पोर्ट्स कार बनवायची हे खूळ त्याचं, आणि तिचा सांगाडा माझा. सत्तावीस वर्षं मी बसच्या चासीची ड्रॉइंग काढली. बसची चासी म्हणजे काय, तर दोन जाड तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या, शिडी आडवी टाकावी तशी. कुठे कमी पडेल असं वाटलं की साहेब म्हणायचे, घाला अजून लोखंड. सत्तावीस वर्षं लोखंड घालून घालून मला त्याचा वीट आला.

इथे तसं नाही. इथे बारीक पोलादी नळ्या आणि त्यांचे त्रिकोण. नळीला लांबीत ओढा, लांबीत दाबा, ती मुकाट सोसते. मधोमध आडवा धक्का दिलात की मान टाकते. म्हणून नियम एकच: गाडीचा प्रत्येक भार सांध्यावर आला पाहिजे, जिथे तीन-चार नळ्या एकमेकींना भेटतात तिथे. एवढी साधी गोष्ट, पण बस कंपनीत एकाही साहेबाच्या डोक्यात शिरली नाही. माझ्या सांगाड्याचं कागदावरचं वजन त्रेचाळीस किलो आठशे ग्रॅम आहे, आणि ते तेवढंच भरलं पाहिजे.

गाडी चालवून दाखवणार माझी मुलगी. ती शर्यतीत चालवते, तीही इतरांच्या गाड्या मागून मागून. सोळा मार्चला जुन्या धावपट्टीवर आमच्या गाडीची पहिली चाचणी आहे. एका संघाचे व्यवस्थापक तेव्हा तिला बघायला येणार आहेत, कारण त्यांच्याकडे चालकाची एक जागा रिकामी आहे. ती जागा तिला मिळावी, एवढ्यासाठीच मी या उकिरड्यात रोज पाय ठेवतो.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

वेल्डर आली. बाई आहे. मला त्याचं काही नाही, मला त्रास याचा आहे की ती सायकलच्या कारखान्यातून आली. अठरा वर्षं सायकलींचे सांगाडे जोडले म्हणे. मेव्हणा सांगतो की पातळ नळी जोडण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. असेल. पण ही बाई हातमोजा काढते आणि दातांत धरते. ज्या मोज्याने आत्ताच तेलकट नळी पुसली, तोच मोजा तोंडात, आणि तशीच माझ्याशी बोलते. मला शिसारी आली. बोललो तर म्हणाली, सवय आहे हो.

सांधे मात्र, खोटं कशाला लिहू, सुरेख. हातशिलाईचे टाके असावेत तसे एकसारखे. पण प्रश्न फार विचारते.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज मेव्हण्याने सीटमध्ये बसून बघितलं. सीट, पेडल आणि स्टीअरिंग कुठे येणार हे मी लाकडी खोकं करून ठरवलं होतं, एकदा स्वतः बसून आणि एकदा मुलीला बसवून. मी बावन्न किलो, ती एकोणपन्नास. बापलेक दोघंही काडी. मेव्हणा शहाण्णव. पाय आत घातले ते बुटांसकट अडकले. बाईने एक काख धरली, मी दुसरी, आणि त्याला वर ओढला. ती घामेजलेली मान, पट्ट्यावरून ओघळलेलं पोट, आणि एवढं होऊन वर हसतोय. मी घरी येऊन दोनदा हात धुतले.

म्हणाला, भाऊजी, ही गाडी विकत घेणारे माझ्यासारखे असणार, तुमच्यासारखे नव्हेत. हे खरं आहे, म्हणूनच माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पेडलपाशी जागा वाढवायची तर खालच्या लांब नळीवरचा एक सांधा आड येतो, तिथे एक उभी आणि एक तिरकी नळी येऊन मिळते. दुपारभर बसलो आणि दोन्ही बाजूंचा तो सांधा नऊ सेंटिमीटर पुढे सरकवला. बाकी कशाला हात लावला नाही. पुढच्या चाकाला धरणारा आर्म, त्याला सांगाड्याशी जोडणारं ब्रॅकेट, सगळं होतं तिथेच. एका माणसाच्या बुटापायी माझं ड्रॉइंग नासलं. पुन्हा त्या ड्रॉइंगकडे बघवेना, तसंच गुंडाळून बाईच्या टेबलावर टाकलं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

बाईने ड्रॉइंग उलगडून ब्रॅकेटवर बोट ठेवलं आणि हे असंच ठेवायचं का म्हणून विचारलं. मी म्हणालो, चाकाचं गणित ठरलेलं आहे, ब्रॅकेट केसभर हलणार नाही. म्हणाली, ब्रॅकेट नका हलवू, मी नळीचं म्हणते. मी म्हणालो, ही नळी सायकलची नाही. ती कामाला लागली. नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात जागा दाखवून दिलेली बरी.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सांगाडा उभा राहिला. पिळून बघण्याची चाचणी आजच घेतली. मागचे दोन कोपरे जमिनीला जखडले, पुढच्या कोपऱ्यांवर आडवी तुळई टाकली आणि तिच्या एका टोकाला वजनं टांगली. सांगाडा किती पिळला जातो ते दाखवणारा काटा जेमतेम हलला. बसवाल्या साहेबांना बोलावून दाखवायला हवं होतं. मेव्हण्याने मला मिठी मारली. त्याच्या अत्तराचा वास शर्टाला चिकटला तो अजून जात नाही.

मग सांगाडा वजनकाट्यावर चढवला. चव्वेचाळीस किलो चारशे वीस. म्हणजे सहाशे वीस ग्रॅम जास्त. मेव्हणा म्हणाला, अहो भाऊजी, तेवढा तर मी नाश्ता करतो. आणि खो खो हसला. मला जेवण गेलं नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

तीन दिवस त्या सहाशे वीस ग्रॅमच्या मागे आहे. काटा तपासला, दुसऱ्याचा काटा आणून पुन्हा तपासला. रंग अजून लागलेलाच नाही. वेल्डिंगच्या तारेचं वजन मी आधीच धरलं होतं. नळ्यांची जाडी बरोबर आहे. बायको म्हणाली, तुम्ही माझ्या आजारपणातसुद्धा एवढे कासावीस झाला नव्हता.

आज पाना घेऊन एकेक नळी वाजवत गेलो. सगळ्या टणटण वाजल्या. पुढच्या खालच्या दोन नळ्या, डावी आणि उजवी, बद्द वाजल्या. पुन्हा वाजवल्या. बद्द. आत काहीतरी आहे. बाईने नळीच्या पोटात दुसरी नळी सरकवून मग तोंडं बंद केली आहेत. मला न विचारता, चोरून.

चोरी तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे ज्या सवयीला कंटाळून मी इथे आलो तीच इथे दबकत दबकत आत शिरली. भीती वाटली की घाल लोखंड.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

बाईला समोर उभं केलं. तिने नाकारलं नाही, लाजलीही नाही.

"ब्रॅकेट नळीच्या मधोमध येतंय," म्हणाली. "जोरात ब्रेक मारला की चाक तिला ढकलणार. मी आतून आधार दिला."

"तिथे सांधा आहे. ड्रॉइंगमध्ये मी काढलाय तो."

"होता."

हा उद्धटपणा! वरून नळीकडे बोट करून दाखवायला लागली. तिच्या त्या काळ्या तेलकट बोटाकडे बघायचीसुद्धा मला इच्छा नव्हती. मी विचारलं, सांगाडा कोणाचा? म्हणाली, तुमचा. मग तुमची अक्कल सायकलींवर चालवा, म्हणालो. ती म्हणाली, त्या नळ्या काढणार असाल तर दुसऱ्या मी जोडणार नाही. पिशवीत हत्यारं भरली आणि गेली.

मी स्वतः ग्राइंडर घेऊन दोन्ही नळ्या कापल्या. चष्म्यावर वाफ धरली होती, ठिणग्यांशिवाय काही दिसत नव्हतं. दुपारी मेव्हण्याने खिडक्यांचे गज आणि फाटकं बनवणारा एक माणूस आणला. त्याने रिकाम्या नळ्या जोडून दिल्या. त्याचे सांधे म्हणजे वाळलेला शेंबूड. पण आता वजन त्रेचाळीस किलो आठशे ग्रॅम.

शनिवार, ८ मार्च

मुलगी आज तयार गाडीत बसली. बेतून शिवल्यासारखी बसली. बराच वेळ बाहेर यायलाच तयार नव्हती, डोळे मिटून मनातल्या मनात गिअर टाकत होती. वीस तारखेला संघ नाव ठरवणार आहे. मला म्हणाली, जागा मिळाली नाही तरी चालेल, पण अशी गाडी पुन्हा मिळायची नाही. मी टायरची हवा तपासत बसलो.

घरी बायकोने विचारलं, त्या वेल्डरबाईने ते का केलं होतं? मी म्हणालो, तिला सगळ्या जगात सायकलीच दिसतात. बायको म्हणाली, ती कशी आहे ते नाही विचारलं मी, का केलं ते विचारलं. बायकोला चासीतलं कळत नाही, तिच्याशी कशाला वाद घाला.

रविवार, १६ मार्च

झोप येणार नाही, म्हणून लिहितो.

पहिल्या दोन फेऱ्या काय सुंदर झाल्या. व्यवस्थापक हातातलं घड्याळ शेजाऱ्याला दाखवून मान हलवत होते. तिसऱ्या फेरीत धावपट्टीच्या टोकाला, वळणाआधी, तिने जोरात ब्रेक मारला. गाडीचं नाक डावीकडे बसलं. डावं चाक आत मुडपलं, गाडी दोनदा गरगरली आणि टायरांच्या ढिगावर आदळली. मी धावलो. धावताना माझ्या तोंडून आवाज निघत होता तो माझा मला ओळखू येत नव्हता. ती स्वतः बाहेर आली. डावा हात छातीशी धरला होता. गळ्याजवळचं हाड मोडलं आहे, बाकी शाबूत. शाबूत आहे. हे दोनदा लिहिलं.

मी तिच्यापाशी बसलो होतो तेव्हा मागे मेव्हण्याचा आवाज ऐकू आला. पाहुण्यांना सांगत होता की पोरीने ब्रेक उशिरा मारला, अनुभव कमी पडला. अजून तिला उचललंसुद्धा नव्हतं. माणसाच्या तोंडातून इतकी घाण येऊ शकते!

सोमवार, १७ मार्च

तिला घरी आणलं. उशीला टेकून बसवलं तर माझा हात धरून म्हणाली, बाबा, माझंच चुकलं, मी ब्रेक एकदम दाबला, तुमची गाडी मोडली. मी म्हणालो, असू दे, गाड्या काय, होतात पुन्हा.

तुझं चुकलं नाही असं मी म्हणालो नाही. मनात त्या फाटकवाल्याचे सांधे आहेत. त्यातलाच एखादा सुटला असणार, माझी खात्री आहे. पण पुरावा हातात नसताना बोलायचं नाही, ही माझी शिस्त. उद्या जाऊन बघतो आणि त्या फाटकवाल्याची गचांडी धरतो.

मंगळवार, १८ मार्च

सांधा सुटलेला नाही.

कारखान्यात जाऊन गाडीच्या नाकावरचा पत्रा काढला, माती पुसली. फाटकवाल्याचे सगळे सांधे, ते शेंबडे सांधे, जिथल्या तिथे आहेत. वाकली आहे ती नळी. ब्रॅकेट जिथे जोडलंय तिथे, बरोबर मधोमध, गुडघ्यात दुमडावी तशी. आणि सांधा तिथून पुढे आहे. मी पट्टी लावली. लावायची गरज नव्हती. नऊ सेंटिमीटर.

बारा फेब्रुवारीचं पान उघडून वाचलं. माझ्याच अक्षरात लिहिलंय, बाकी कशाला हात लावला नाही. सांधा हलवला आणि ब्रॅकेट तिथेच ठेवलं, वर त्याचा तोरा. महिनाभर रोज त्या सांगाड्याभोवती फिरलो पण बघितला कुठे? डोक्यातलं ड्रॉइंग बघत होतो, तेही जुनं. बाईने बोट दाखवलं तेव्हा मला तिचं बोट घाण वाटलं.

मागे मेव्हणा येऊन उभा होता. त्याला चासीतलं कळत नाही, पण माझा चेहरा कळला. म्हणाला, भाऊजी, एक ऐका. चालकाचं चुकलं म्हटलं तर लोक महिन्याभरात विसरतात, सांगाडा चुकला म्हटलं तर आपलं दुकान बंद. पोरगी घरचीच आहे, ती काय मनावर घेणार आहे.

मला त्याची किळस आली. पत्रा पुन्हा लावून टाकला.

बुधवार, १९ मार्च

बायकोने विचारलं, काय सापडलं. बघतोय अजून, म्हणालो. मुलगी औषधाच्या गुंगीत आहे. अशा वेळी तिला काय सांगणार. उद्या सांगतो.

गुरुवार, २० मार्च

सकाळी ती झोपली होती. संध्याकाळी घरी आलो तर बायको स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. दुपारी संघाचा फोन आला होता. हाड जुळेपर्यंत थांबायला ते तयार होते. दोन महिने थांबू म्हणाले. गाडी काय कोणाचीही घसरते, आम्ही पहिल्या दोन फेऱ्या बघितल्या आहेत म्हणाले. मुलीने त्यांना नको म्हणून सांगितलं. ब्रेकचा अंदाज चुकला तो का चुकला तेच मला कळत नाही, आणि जोवर कळत नाही तोवर मी दुसऱ्याच्या गाडीत बसणार नाही, असं म्हणाली. त्यांनी दुसऱ्याचं नाव नक्की केलं.

बायको म्हणाली, जरा जाऊन बसा तिच्यापाशी. मी जाऊन बसलो. ती म्हणाली, बरं केलं ना मी? मी मान हलवली. हो की नाही ते माझं मलाच माहीत नाही, पण हलवली. आणि मग तासभर तिथेच बसलो.

इतकी वर्षं मी लोकांची घाण मोजत आलो. कोणाचं पोट, कोणाचा मोजा, कोणाचं अत्तर. आज आरशासमोर दात घासताना स्वतःचं तोंड बघवलं नाही, तसाच चूळ भरून बाहेर आलो.

शुक्रवार, २१ मार्च

कारखान्यात न जाता वेल्डरबाईचं घर शोधत गेलो. दारात उभं राहूनच सगळं सांगितलं, चूक माझी, तुमचं बरोबर होतं, माफ करा. पाठ केलेलं होतं. तिने ऐकून घेतलं. पाणी विचारलं नाही. आधी विचारलं, मुलीचा हात कसा आहे. मग विचारलं, तिला सांगितलंत?

मी पाठ केलेलं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"मग माझ्याकडे कशाला आलात?" म्हणाली. आवाज चढवला नाही. "मला माहीतच होतं. तिला माहीत नाही."

शनिवार, २२ मार्च

सकाळी तिच्या खोलीत गेलो. पलंगाच्या कडेला बसून ती एका हाताने केस बांधायचा प्रयत्न करत होती. जमत नव्हतं. मला केस बांधता येत नाहीत, नाहीतर आधी ते केलं असतं आणि पुन्हा वेळ काढला असता. उभ्यानेच सांगायला लागलो. मामाचे बूट सांगितले, नऊ सेंटिमीटर सांगितले, बाईने नळीत घातलेली नळी सांगितली, आणि ती मी कशी कापून काढली तेही सांगितलं. ब्रेक तू बरोबर जागी मारलास, म्हणालो, चाक धरून ठेवायचं काम सांगाड्याचं होतं, आणि सांगाडा माझा होता. मामा जे बोलत फिरतोय ते खोटं आहे, आणि खोटं आहे हे मला माहीत होतं. संघाला मी आज फोन करतो, त्यांच्यासमोर उभा राहतो, हेही म्हणालो.

तिचा हात केसांतच राहिला होता. चेहऱ्यावर आधी जे आलं ते सुटल्यासारखं होतं, मला दिसलं ते, हलकं झाल्यासारखं. तेवढ्याने मला वाटलं की सुटलो. मग ते गेलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"मंगळवारी."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला चाललं असतं. मी लोकांकडे ज्या नजरेने बघतो ना, ती नजर होती.

"आज शनिवार आहे, बाबा."

मग ती उठली, माझ्या अंगाला अंग लागणार नाही अशी कडेकडेने दारातून बाहेर गेली, आणि आईकडून केस बांधून घेतले.